हायपेशिया, सुहरावर्दी आणि पुलावरची सकाळ

माझ्या अब्बांचं कात्रज गावठाणात दुधाचं छोटं दुकान होतं. पहाटे कॅन यायचे. झाकण उघडलं की अब्बा आधी दुधाचा वास घेत, मग उंच भांड्यात थोडं दूध ओतून त्यात काचेचा लॅक्टोमीटर सोडत. तो वरखाली डुलायचा आणि एका आकड्यावर स्थिर व्हायचा. पाणी घातलेलं असेल तर नेहमीपेक्षा खोल बुडायचा. अब्बा गवळ्याशी कधी वाद घालत नसत. नुसतं नळीकडे बोट दाखवायचे. “मी नाही सांगत, हा सांगतोय,” एवढंच म्हणायचे.

अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली. दुकानाच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. लॅक्टोमीटर मात्र माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. पुढची सगळी गोष्ट त्याच्यामुळेच सुरू झाली, म्हणून आधी त्याच्याबद्दल सांगितलं.

काही वर्षांपूर्वी मी एका पुस्तकात सिनेशियस नावाच्या माणसाची पत्रं वाचत होतो. उत्तर आफ्रिकेतल्या सायरीनीचा हा जमीनदार पुढे ख्रिस्ती बिशप झाला. इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने अलेक्झांड्रियातल्या आपल्या शिक्षिकेला एक छोटं पत्र लिहिलं. माझी तब्येत बरी नाही, मला पाण्यात सोडून त्याचा जडपणा मोजायचं एक यंत्र करून पाठवा, असं त्यात म्हटलंय. एक उभी नळी, तिच्यावर खाचा, खालच्या टोकाला वजन, म्हणजे ती पाण्यात सरळ उभी राहील. वाचता वाचता मी थांबलो. उठून कपाटातला लॅक्टोमीटर काढला. हेच की! फरक इतकाच, की अब्बा दूध मोजायचे आणि सिनेशियसला पाणी मोजायचं होतं.

त्या शिक्षिकेचं नाव हायपेशिया. पत्र लिहिलं गेलं त्यानंतर थोड्याच वर्षांनी, इसवी सन 415 च्या मार्च महिन्यात, जमावाने तिला भर शहरात ठार मारलं.

हायपेशिया ही थिऑन या गणितज्ञाची मुलगी. बापाकडून गणित आणि खगोलशास्त्र शिकली आणि नाव बापापेक्षा मोठं केलं. डायोफँटसच्या अंकगणितावर आणि अपोलोनियसच्या शंकुच्छेदांवर तिने टीका लिहिल्या. तत्त्वज्ञानात ती प्लेटोच्या परंपरेतली. एकाच परम तत्त्वातून सगळं जग पाझरत आलंय आणि माणसाच्या बुद्धीने त्याच वाटेने परत वर चढायचं, असा तो विचार. सूफी साहित्य थोडंफार वाचलेल्याला ही भाषा परकी वाटणार नाही. ती जुन्या ग्रीक वळणाची होती, ख्रिस्ती नव्हती. पण तिच्या वर्गात ख्रिस्ती मुलंही बसायची. सिनेशियस स्वतः बिशप झाल्यावरही, आजारी असताना तिला लिहितो तेव्हा आई, बहीण, शिक्षिका अशा सगळ्या नात्यांनी तिला हाक मारतो. म्हणून ‘ख्रिश्चनांनी मूर्तिपूजकांना मारलं’ एवढ्या एका वाक्यात ही गोष्ट बसत नाही.

झालं असं. शहराचा बिशप सिरिल आणि रोमन सुभेदार ओरेस्टीस यांच्यात सत्तेवरून भांडण पेटलं. दोघेही ख्रिस्ती. आधी ज्यू आणि ख्रिस्ती वस्त्यांमध्ये दंगा झाला, ज्यूंना घरांतून हाकललं गेलं. मग वाळवंटातल्या मठांमधून शेकडो साधू शहरात उतरले. त्यांच्यातल्या एकाने ओरेस्टीसच्या डोक्यात दगड घातला. त्याला पकडून इतके हाल केले गेले की तो मेला. सिरिलने त्याला शहीद ठरवलं. ओरेस्टीसचं हायपेशियाकडे जाणं-येणं होतं, तिचा सल्ला तो घ्यायचा. मग शहरात कुजबुज सुरू झाली की या दोघांचा समेट होऊ देत नाही ती हीच बाई.

एके दिवशी ती घरी परतत होती. पीटर नावाचा, चर्चमध्ये धर्मग्रंथ वाचून दाखवणारा एक माणूस जमावाच्या पुढे होता. त्यांनी तिला गाडीतून खेचलं, सिझेरियम नावाच्या चर्चमध्ये नेलं, अंगावरचे कपडे फाडले आणि खापऱ्यांनी तिला मारलं. मग देहाचे तुकडे शहराबाहेर नेऊन जाळले. ते दिवस ख्रिस्ती उपवासाचे होते.

या खुनाबद्दल कुणाला शिक्षा झाल्याची नोंद नाही. पुढच्या वर्षी, 416 मध्ये, बादशहाने एक कायदा केला. बिशपच्या हाताशी असलेल्या परबोलानी नावाच्या सेवकांची संख्या 500 च्या वर जाऊ नये, असा. आजाऱ्यांची सेवा करणं हे त्यांचं काम होतं, पण शहराला त्यांची दहशत बसली होती. सिरिल बिशप राहिला आणि पुढे संतही झाला.

ही गोष्ट मी वाचली ती घरात बसून. पण मला ती सारखी आठवते ती दुसऱ्याच एका जागी. पुण्यात ओंकारेश्वर मंदिराजवळ नदीवर महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पूल आहे. 20 ऑगस्ट 2013 च्या सकाळी डॉ. नरेंद्र दाभोलकर त्या पुलावर फिरायला गेले होते. मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. ते 67 वर्षांचे होते.

त्या सकाळी मी कात्रजहून स्वारगेटला जाणाऱ्या बसमध्ये होतो. धनकवडीच्या आसपास कुणाचा तरी फोन वाजला आणि बातमी बसभर पसरली. मला दाभोलकर दोन-तीन भाषणांतून माहीत होते. आवाज न चढवता बोलणारे, कबड्डीपटूच्या अंगाचे, साताऱ्याचे डॉक्टर. ‘साधना’ साप्ताहिकाचे संपादक. आमचा विरोध देवाधर्माला नाही, देवाधर्माच्या नावावर होणाऱ्या लुबाडणुकीला आहे, असं ते पुन्हा पुन्हा सांगायचे. ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यांच्या खुनानंतर अवघ्या चार दिवसांत निघाला. माणूस गेल्यावर कायदा येतो, हे अलेक्झांड्रियातही झालं होतं.

पुढे फेब्रुवारी 2015 मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरे, ऑगस्टमध्ये धारवाडला प्रा. कलबुर्गी, 2017 मध्ये बंगळुरूत गौरी लंकेश. दाभोलकर खटल्याचा निकाल यायला 10 मे 2024 उजाडला. गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप झाली, बाकी तिघे निर्दोष सुटले.

आता माझ्याबद्दल. त्या 20 ऑगस्टला संध्याकाळी मी वस्तीतल्या मशिदीबाहेर उभा होतो. विषय निघाला. आमच्यातले एक बुजुर्ग म्हणाले, “वो अपना मामला नहीं है.” त्यांच्या बोलण्यात आनंद नव्हता, द्वेषही नव्हता. भीती होती, आणि ती मला समजत होती. शहरात काहीही झालं की आधी आपल्या वस्तीकडे पाहिलं जातं, तर आपण कशाला मधे पडा? मी मान हलवली. मी शिक्षक आहे, पुस्तकं वाचतो, लिहितो. तरी मान हलवली.

दहा महिने गेले नाहीत तोच, 2 जून 2014 च्या रात्री, हडपसरमध्ये एका तरुण मुसलमान आयटी कर्मचाऱ्याला जमावाने मारून टाकलं. फेसबुकवर कुणीतरी टाकलेल्या चित्रांवरून शहर तापलेलं होतं. त्या पोराचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. दाढी आणि टोपी एवढी ओळख मारणाऱ्यांना पुरली. जानेवारी 2023 मध्ये पुण्याच्या न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत शिक्षकांच्या खोलीत मी बसलो होतो. सगळे चहा पीत होते. कुणी काहीच बोललं नाही. एका सहकाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “सर, थोडे दिवस जपून.” त्याचा हेतू चांगला होता. पण मला ऐकू आलं ते तेच वाक्य, जे मी दहा महिन्यांपूर्वी मान हलवून मान्य केलं होतं. हे आमचं प्रकरण नाही.

त्या दिवशी मला राग आला आणि त्या रागाची लाजही वाटली. ज्या गोष्टीची मी त्यांच्याकडून अपेक्षा करत होतो, ती मी स्वतः केली नव्हती. तेव्हापासून 20 ऑगस्टला सकाळी मी पुलावर जातो. जमलेल्या लोकांत मागे उभा राहतो. भाषण वगैरे करत नाही.

2024 च्या 20 ऑगस्टला मुलगी बरोबर आली. ती कॉलेजात आहे. परतताना मी तिला हायपेशियाची गोष्ट सांगितली. ती ऐकत होती, मग जरा चाचरत म्हणाली, “पण अब्बू, अलेक्झांड्रियाची लायब्ररी तर आपल्या लोकांनी जाळली ना? हजरत उमरच्या हुकमाने? आमच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं होतं. मी गप्प बसले.”

गप्प बसले, हे तिने मान खाली घालून सांगितलं. ते मला जास्त लागलं.

गोष्ट अशी सांगतात की 642 च्या सुमारास अम्र इब्नुल आस यांनी शहर घेतलं, पुस्तकांचं काय करायचं म्हणून खलिफांना विचारलं, आणि उत्तर आलं की कुरआनशी जुळणारी पुस्तकं अनावश्यक आणि न जुळणारी घातक, म्हणून जाळा. मग सहा महिने हमामखान्यांची पाणी तापवायची सोय झाली. गोष्ट चटपटीत आहे. पण ती पहिल्यांदा लिहिलेली सापडते ती साधारण इसवी सन 1200 च्या आसपास, म्हणजे साडेपाचशे वर्षांनंतर. जवळच्या काळातल्या ख्रिस्ती इतिहासकारांना अरबांबद्दल प्रेम नव्हतं, तरी त्यांनी हे कुठे लिहिलेलं नाही. ग्रंथसंग्रहाशी जोडलेलं सेरापियमचं मंदिर तर 391-92 मध्येच पाडलं गेलं होतं. गिबनने अठराव्या शतकात या कथेवर शंका घेतली, आणि शिबली नोमानींनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी उर्दूत त्यावर स्वतंत्र लेख लिहिला.

एवढं सांगितल्यावर मुलीचा चेहरा उजळला. मला पुढे सांगायचा हुरूप आला. हायपेशियाने ज्या अपोलोनियसवर टीका लिहिली, त्याच्या ग्रंथाचे पहिले चार भाग ग्रीकमध्ये उरले. पाचवा, सहावा आणि सातवा भाग आज जगाकडे आहे तो फक्त अरबीतून. बगदादेत ते भाग अरबीत आणणारा साबित इब्न कुर्रा हा हर्रानचा, ताऱ्यांची पूजा करणाऱ्या साबियन पंथातला. म्हणजे मुसलमान खलिफांच्या राजधानीत एक मूर्तिपूजक विद्वान एका ग्रीक मूर्तिपूजकाचं गणित अरबीत उतरवत होता, आणि त्याचा मान होता. गॅलनचे वैद्यकग्रंथ भाषांतरित करणारा हुनैन इब्न इसहाक ख्रिस्ती होता. त्याच्याही आधी, 529 मध्ये जस्टिनियन बादशहाने अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं अध्यापन बंद पाडलं, तेव्हा दमास्कियस, सिम्प्लिकियस वगैरे सात तत्त्वज्ञ इराणच्या खुसरोच्या दरबारात गेले होते. तिथे त्यांचं मन रमलं नाही, पण 532 च्या तहात खुसरोने अट घालून घेतली की या लोकांना घरी परतल्यावर त्यांच्या श्रद्धेने जगू द्यायचं.

बस कात्रजच्या चौकात पोचेपर्यंत मी बोलत होतो. उतरताना मुलगी म्हणाली, “म्हणजे आपल्याकडे असं कुणाला मारलं नाही.”

मी ‘हो’ म्हणणार होतो.

दर रविवारी दुपारी वस्तीतल्या पोरांना मी गोष्टी सांगतो. पंधरा-वीस पोरं येतात. त्यांची सगळ्यात लाडकी गोष्ट सलाहुद्दीन अय्यूबीची. 1099 मध्ये क्रूसेडरांनी जेरुसलेम घेतलं तेव्हा रक्ताचे पाट वाहिले. 1187 मध्ये सलाहुद्दीनने ते परत घेतलं तेव्हा त्याने कत्तल होऊ दिली नाही, खंडणी घेऊन लोकांना जाऊ दिलं. हे सगळं खरं आहे आणि मी ते रंगवून सांगतो. पण त्याच सलाहुद्दीनच्या हुकमाने 1191 मध्ये हलबमध्ये एका तत्त्वज्ञाला मृत्युदंड दिला गेला, हे मी पोरांना कधीच सांगितलं नव्हतं. मला ते माहीत होतं.

त्या तत्त्वज्ञाचं नाव शहाबुद्दीन सुहरावर्दी. सुहरावर्दी सूफी सिलसिल्याचे बुजुर्ग वेगळे. यांना इतिहासात ‘अल-मक्तूल’, म्हणजे मारला गेलेला, असंच म्हणतात, ते वेगळे ओळखू यावेत म्हणून. मरताना चाळिशीही गाठली नव्हती. प्लेटो, हर्मीस आणि प्राचीन इराणचे ज्ञानी हे सगळे एकाच प्रकाशाचे वारसदार आहेत, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा ‘हिकमतुल इशराक’ हा ग्रंथ 1186 चा. हलबचा सुभेदार अल-मलिक अल-झाहिर हा सलाहुद्दीनचाच मुलगा. त्याला सुहरावर्दींची संगत आवडायची. शहरातल्या उलेमांना ती खुपली. वादात हा तरुण कुणाला ऐकत नव्हता. त्यांनी सलाहुद्दीनकडे लिहिलं की हा माणूस शहजाद्याचा दीन बिघडवतोय. मुलाने टाळाटाळ केली, बापाने हुकूम रेटला.

दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहा. शहराचा सत्ताधारी एका तत्त्वज्ञाच्या घरोब्यात आहे. धर्माची सत्ता सांभाळणाऱ्यांना ते सहन होत नाही. मग आरोप होतो की हा माणूस, ही बाई, राज्यकर्त्याला भुलवतेय. अलेक्झांड्रियात काम जमावाने केलं, हलबमध्ये हुकमाने. बाकी फारसा फरक नाही. आणि मारले गेलेले दोघेही एकाच प्लेटोच्या घरातले.

मी मुलीला चौकातल्या टपरीवर थांबवलं, दोन चहा सांगितले आणि हे सगळं सांगितलं. तिला वाईट वाटलं. सलाहुद्दीन तिचाही लाडका. ती म्हणाली, “मग आपण लोकांना हे सांगायचं? ते तर आधीच आपल्याबद्दल...” तिने वाक्य पुरं केलं नाही.

या प्रश्नाला माझ्याकडे एकच उत्तर आहे, आणि ते मला एका पाचव्या शतकातल्या ख्रिस्ती वकिलाकडून मिळालं. हायपेशियाच्या खुनाची सगळ्यात विश्वासार्ह हकीकत आज आपल्याला कुणामुळे कळते? सॉक्रेटिस स्कोलास्टिकस नावाच्या कॉन्स्टँटिनोपलच्या माणसामुळे. प्रसिद्ध तत्त्वज्ञ सॉक्रेटिस वेगळा. हा चर्चचा इतिहास लिहायला बसला होता. घटनेला पंचवीस-तीस वर्षंच झाली होती. सिरिलचं वजन सगळ्या ख्रिस्ती जगात होतं. हा प्रसंग गाळला असता तर कुणी विचारलं नसतं. त्याने तो लिहिला. ती किती विद्वान आणि किती शीलवान होती हे लिहिलं, कुणी मारलं हे लिहिलं, आणि या कृत्याने सिरिलला आणि अलेक्झांड्रियाच्या चर्चला कलंक लागला, असल्या हत्या ख्रिस्ताच्या शिकवणीत मुळीच बसत नाहीत, हेही लिहिलं. त्याच धर्माचा दुसरा एक बिशप, निकियूचा जॉन, सातव्या शतकात हीच घटना सांगतो. त्याच्या लेखी ती चेटकीण, आणि मारणारे श्रद्धावान. दोघांचा धर्म एक, घटना एक. आपल्याला ठरवायचं असतं ते इतकंच, की आपण दोघांपैकी कुणाच्या बाजूला बसायचं.

आणि हे काही बाहेरून उसनं घ्यायला नको. सूरह निसाच्या 135 व्या आयतीत न्यायासाठी साक्ष देण्याची ताकीद आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आई-बापाच्या किंवा नातलगांच्या विरोधात का जाईना. मी ती आयत लहानपणापासून ऐकत आलो. तिचा अर्थ मला मशिदीबाहेर मान हलवताना आठवला नाही.

बाहेरच्याने केलेला आरोप आणि घरातल्याने दिलेली साक्ष यांत फरक असतो. ग्रुपवर लायब्ररीची गोष्ट टाकणाऱ्याला हायपेशियाशी किंवा पुस्तकांशी देणंघेणं नाही, त्याला मला खाली दाखवायचंय. त्याला मी पुरावा दाखवणारच. पण माझ्या घरात झालेल्या खुनाबद्दल मी गप्प राहिलो, तर लायब्ररीबद्दलचं माझं खरं बोलणंही कुणी का मानावं? लॅक्टोमीटर दुसऱ्याच्या कॅनमध्ये सोडायचा आणि आपल्या कॅनला झाकण लावायचं, हे अब्बांच्या दुकानात चाललं नसतं.

पुढच्या रविवारी मी पोरांना सलाहुद्दीनची गोष्ट पुन्हा सांगितली. जेरुसलेम सांगितलं, खंडणी भरू न शकलेल्यांपैकी अनेक गरिबांना सोडून दिल्याचं सांगितलं. मग हलबचं सांगितलं. पोरं गप्प झाली. एक लहान मुलगा बराच वेळ विचार करून म्हणाला, “सर, मग सलाहुद्दीन चांगला होता की वाईट?” मी म्हणालो, तो मोठा माणूस होता आणि त्याने एक मोठी चूक केली, दोन्ही लक्षात ठेवायचं. त्याला हे फारसं पटलं नाही. तो म्हणाला, “पण त्या सुहरावर्दीचं पुस्तक आहे ना अजून?” आहे म्हटल्यावर त्याला जरा बरं वाटलं.

संध्याकाळी एका मुलाच्या वडिलांचा फोन आला. आवाज नाराज होता. “सर, बाहेरवाले कम हैं क्या बदनाम करने को, जो आप भी?” मी त्यांना घरी चहाला बोलावलं. ते आले. तासभर बसलो. ते पूर्ण समाधानी होऊन गेले असं म्हणवत नाही. जाताना त्यांनी कपाटातल्या काचेच्या नळीकडे पाहून विचारलं, हे काय आहे? मी अब्बांच्या दुकानाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, त्यांच्या वालिदना माझे अब्बा आठवत असतील, त्या दुकानातलं दूध त्यांच्या घरी यायचं.

त्यांचा मुलगा त्यानंतरच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला, आणि पहिल्या रांगेत बसला.